स्थिती: हयात

प्रिय खुडबुड्या,

घाबरू नकोस. ही नोटीस नाही, समन्स नाही, खाली कुठल्या साहेबाची सही नाही. मी आहे, ताई. हे एवढं आधीच लिहिते, कारण सरकारी दिसणारा कागद आला की तुझे हातपाय गार पडतात आणि तू तो न उघडताच खणात सारतोस, हे मला पाठ आहे. हा तेवढा सारू नकोस. तुला जाऊन चार वर्षं झाली. त्यातली चारही वर्षं तू जिवंत आहेस की नाहीस हे मला माहीत नव्हतं. आता आठ दिवसांपासून माहीत आहे. मग भीती कमी व्हायला हवी होती की नाही? उलट वाढूनच बसलीये. आता धागा हाताला लागलाय ना, मग तुटायची भीती.

पहिल्यापासून सांगते. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो, तुला सवय आहे. यंदा आई आमच्याकडे राहायला आली. आतापर्यंत हट्टानं एकटी राहत होती, पण जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा तुझ्या भाचीनं जाऊन तिची पेटी भरली आणि विषय संपवला. म्हणून या वर्षीच्या करविवरणात मला आईचं नाव आश्रित म्हणून घालायचं होतं. पहिल्यांदाच. आमचं विवरण मी आता स्वतःच भरते, त्याच सॉफ्टवेअरवर, जे तू घरोघरी जाऊन सगळ्यांना बसवून दिलं होतंस. आठवतं? प्रिंटर दुरुस्त करायला जायचास आणि त्यांचा कर भरून देऊन यायचास. लोक तुला चहा पाजायचे आणि आपला सगळा कागदी संसार तुझ्यापुढे ओतायचे. मी चिडायचे, फुकट काय राबतोस म्हणून. आज मला तो फुकट राबणारा हवा होता, खरं सांगते.

काय काय छळलं त्या प्रोग्रॅमनं! आधी उघडेचना. भाची म्हणाली, अगं आई, जुनी आवृत्ती आहे, नवी उतरवून घे. घेतली. मग माझी जन्मतारीख चुकीची म्हणाला. माझी, चुकीची! अर्धा तास त्याच्याशी भांडल्यावर कळलं की त्याला महिना आधी हवाय आणि दिवस नंतर. मग मागच्या वर्षीचा आकडा जुळेना. त्यात माझा दिवस गेला. शेवटी लक्षात आलं, मी कच्च्या प्रतीवरून बघत होते, त्याला दाखल केलेल्या प्रतीवरचा हवा होता. मग ब्याण्णव टक्क्यांवर चाक फिरत राहिलं. मी भाजी निवडली, शिवणाच्या दुकानातून आणलेल्या दोन पँटी खालून दुमडून शिवल्या, तरी ब्याण्णव. बंद करून परत चालू कर, हा तुझा रामबाण उपाय केला, तेव्हा कुठे गेलं एकदाचं. मी मोठ्यांदा हुश्श केलं. दहा मिनिटांत लाल अक्षरांत उत्तर आलं, विवरण नाकारलं. कारण, आश्रित व्यक्ती अन्य विवरणपत्रात आधीच दाखवलेली आहे.

आईला दुसऱ्या कुणी दाखवलंय? कुणी? आपण दोघंच तर आहोत. पहिल्या झटक्याला तुझं नावही डोक्यात आलं नाही, हे कबूल करते. चोरच आला. कुणीतरी आईचा क्रमांक पळवलाय, उद्या तिचं पेन्शन जाईल, परवा घरी कुणी येईल, असले सगळे विचार. खिडक्यांच्या कड्या लावल्या मी, भर दुपारी. चोर इंटरनेटवर आणि मी कड्या लावतेय, म्हणून भाची हसली, पण तिचाही चेहरा उतरला होता.

मदतकेंद्राला फोन केला. त्रेचाळीस मिनिटं संगीत ऐकवल्यावर एक बाई आल्या. आवाजावरून वयस्कर वाटल्या, शांत. कुणी दाखवलंय ते त्या सांगू शकत नव्हत्या, नियम आहे. पण म्हणाल्या, दोन मार्ग आहेत. तुम्ही तुमचा दावा धरून ठेवा, मग चौकशी लागेल आणि दोन्हीकडच्या माणसांना कागदपत्रं घेऊन बोलावतील. नाहीतर नाव काढून विवरण परत पाठवा, पाच दिवसांच्या आत. आणि त्यांनी सुचवलं, तुमच्या आईच्या स्वतःच्या खात्यात जाऊन बघा, ते दुसरं कुणी वापरतंय का. आईचं खातं! मी विसरूनच गेले होते की तिचं असं काही खातं आहे. तूच उघडलं होतंस. पासवर्ड कुणाला ठाऊक? ‘पासवर्ड विसरलात का?’ यावर दाबलं, तर पडद्यावर प्रश्न आला, घरातल्या मांजराचं नाव काय?

मी खुर्ची सारून उठले. मग आतल्या खोलीत जाऊन आईला विचारलं, हो ना, मुकादमच ना ते? आईनं पेपर खाली ठेवला. त्या बहिऱ्या बोक्याचं नाव तू ठेवलं होतंस, कारण तो काही काम न करता सगळ्यांच्या कामावर लक्ष ठेवायचा. आईनं एवढंच विचारलं, मुकादमचं नाव आज कशाला? मी म्हटलं, सहज. खोटं बोलायला मला आधीपासूनच जमतं, त्याबद्दल पुढे लिहिणार आहे.

खातं उघडलं. वर आईचं नाव, क्रमांक, आणि खाली एक ओळ, स्थिती: हयात. त्याखाली मागील प्रवेश अशी यादी. कुठून ते लिहीत नाहीत, फक्त वार आणि वेळ. सोमवार, सकाळी सहा वाजून चार मिनिटं. त्याआधीचा सोमवार, सहा वाजून नऊ मिनिटं. त्याआधीचा सोमवार. मी खाली खाली जात राहिले, यादी संपेचना. दर सोमवारी सकाळी सहाच्या सुमाराला कुणीतरी आत यायचं आणि एका मिनिटात बाहेर जायचं. काही बदललेलं नाही, काही उतरवून घेतलेलं नाही. चार वर्षं. चोर असा येतो का रे? येतो, ती एक ओळ वाचतो आणि जातो?

भाची म्हणाली, आई, तू रडतेयस. मला कळलंही नव्हतं. मी त्या पोरीला घट्ट धरून ठेवलं आणि म्हटलं, मामा आहे तुझा, मामा आहे. आणि मग लगेच, अगदी त्याच क्षणी, धडकी भरली. कारण आता मला तू कुठे आहेस ते ठाऊक नाही, फोन नाही, पत्ता नाही. आहे ते सोमवारचं एक मिनिट. मी वाकडंतिकडं काही केलं, तर तू तेही बंद करशील. खातं उघडताना बदललेला पासवर्ड परत तुझाच करून ठेवायला हवा, हे आधी सुचलं. तुझा जुना मला माहीत नव्हता, पण तू कधीच काही बदलत नाहीस. बोक्याचं नाव आणि आपल्या जुन्या घराचा नंबर टाकून बघितला. हा तुम्ही आधी वापरलेला आहे, अशी सूचना आली. जुनाच परत ठेवायला त्यानं हरकत घेतली नाही. माझा जीव भांड्यात पडला. मार्चमधले दोन सोमवार यादीत नाहीत. तेव्हा काय झालं होतं? आजारी होतास? कुणी होतं का जवळ, पाणी द्यायला?

आईला सांगायचं नाही असं माझं ठरलं होतं. पण भाचीच्या पोटात तीळ भिजत नाही. सोमवारी पावणेसहाला मी उठले, तर आई केस विंचरून, अंगात स्वेटर घालून कॉम्प्युटरसमोर खुर्चीवर बसलेली. मला म्हणाली, लाव. मी लावला. आम्ही तिघी पडद्याकडे बघत बसलो. सहा वाजले. सहा वाजून पाच. मी मनात म्हणत होते, आज नाही आला तर हिला काय सांगू? सहा वाजून सात मिनिटांनी भाचीनं पान ताजं केलं आणि यादीत वर एक नवीन ओळ आली. आईनं हात पुढे केला आणि तिचा अंदाज चुकला, बोट आधी टेबलावर टेकलं. मग तिनं नीट चाचपडत त्या ओळीवर बोट ठेवलं. एका डोळ्यानं अंतर कळत नाही तिला. पण तोंडानं म्हणाली, उठतो म्हणजे वेळेवर. दुपारी दोनदा जेवायला वाढ म्हणाली.

तिच्या डोळ्याचं लिहायला नको होतं का मी? लिहायलाच हवं. चार वर्षं आपण सगळे त्याच गोष्टीला वळसा घालून चाललोय. बाबांना जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. त्यांचं शेवटचं विवरण भरायला तू बसलास, आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मी शेजारी बसून करक्रमांकाच्या कार्डावरचे आकडे वाचत होते, तू टाइप करत होतास. आईबाबांनी ती कार्डं एकाच दिवशी काढलेली. बाबा रांगेत पुढे होते, त्यांनी आईला आधी जा म्हटलं, म्हणून आईचा शेवटचा आकडा सहा आणि बाबांचा सात. बाकी सगळे तेच. करदात्याचं निधन झालं आहे, या चौकटीत तू खूण केलीस. पिवळा त्रिकोण आला होता, नाव व क्रमांक तपासून पहा म्हणून. मीच म्हटलं, दे दाबून पुढे, किती वेळ लावतोस, मला दुकानात जायचंय. तू दाबलंस. आणि आई कागदोपत्री मेली.

पुढचं तुला माहीतच आहे. पेन्शन थांबलं ते थांबलंच, पण डोळ्यात इंजेक्शन घ्यायला ती गेली तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, या क्रमांकाची व्यक्ती मयत आहे. आई समोर उभी, हातात पिशवी घेऊन. अकरा दिवस आपण या टेबलावरून त्या टेबलावर फिरलो. हयातीचा दाखला आणा, तो आणला तर म्हणे जुन्या नमुन्यात आहे. बाराव्या दिवशी इंजेक्शन मिळालं आणि डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याला उशीर झाला. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, मी तुला म्हटलं, तू आईला जिवंतपणी मारलंस. शब्द न् शब्द आठवतो मला. तू माझ्याकडे बघितलंस आणि काही बोलला नाहीस. पुढचे चार महिने करखात्याचे लिफाफे येत राहिले आणि तू ते खणात टाकत राहिलास. मग एके दिवशी टेबलावर तुझी दोन वाक्यं. मला शोधू नका. आईला सांभाळ. लिफाफे मी नंतर फोडले. एकवीस होते. अठरा तर दुरुस्ती झाल्याचे होते, वेड्या. सगळं केव्हाच निस्तरलं होतं.

आता ऐक. त्या दिवशी माझ्या हातात बाबांचं कार्ड नव्हतं. आईचं होतं. नाव छापलेलं होतं त्यावर, ठळक. पण मी चष्मा लावला नव्हता. चाळिशी लागलीये हे मला मान्य नव्हतं, सुईत दोरा ओवते ना अजून, मग चष्मा कशाला, म्हणून तो पर्समध्येच. मी नाव वाचलंच नाही, नुसते आकडे वाचत गेले, आणि सहा वाचला. तू मी सांगितलेलाच आकडा दाबलास. चूक माझी, खुडबुड्या. माझीच. हे मला कधी कळलं ते विचार. पायऱ्यांवर तुला तसं बोलले त्याच्या आदल्या दिवशी. पर्समध्ये दोन्ही कार्डं होती आणि आईचं वर होतं. मला कळलं होतं, आणि तरीही मी तुला बोलले, कदाचित कळलं होतं म्हणूनच बोलले. घाबरले होते रे मी. आईच्या डोळ्याचं माझ्यावर येईल म्हणून घाबरले, आणि तू समोर होतास. नंतर रोज वाटायचं, उद्या सांगू. मग तू गेलास आणि सांगायला कुणी उरलंच नाही.

एकच विचारायचं होतं. तुझी नजर माझ्या हातातल्या कार्डावर गेली होती का? त्या पायऱ्यांवर तू ज्या तऱ्हेनं गप्प राहिलास, त्यावरून मला वाटत आलंय की तुला माहीत होतं. माहीत असून तू ते स्वतःवर घेतलंस. असं असेल तर मला काय वाटतंय ते लिहायला मला येत नाही. शाळेत शाई सांडली तेव्हाही तूच छड्या खाल्ल्या होत्यास.

विवरणातून आईचं नाव मी मंगळवारी काढलं. चौकशी नको, बोलावणं नको, लिफाफा तर मुळीच नको. तू तिला आश्रित दाखवलंस, ते खरंतर चूकच आहे, पकडलं तर अडचणीत येशील, या विचारानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पण का दाखवलंस ते कळतं. चार वर्षांपूर्वी एका चौकटीत तिला मेलेली लिहिलंस, म्हणून आता दर वर्षी दुसऱ्या चौकटीत जिवंत लिहितोस. ते काय ते आपण दोघं बसून निस्तरू. या वेळी चष्मा लावून बसेन. नाव काढल्यावर विवरण एका झटक्यात गेलं बघ. ब्याण्णववर थांबलंसुद्धा नाही.

आता हे सगळं आजच का लिहितेय ते. येत्या गुरुवारी सकाळी आईच्या हृदयाचं ऑपरेशन आहे, झडप बदलायची आहे. डॉक्टर प्रयत्न करू म्हणाले, काळजी करू नका असं नाही म्हणाले. मी त्या वाक्याची वाट बघत उभी राहिले, पण ते पुढच्या पेशंटकडे गेले. कार्डाचं मी आईला अजून सांगितलेलं नाही. ऑपरेशनच्या आधी धीर होत नाही, आणि नंतर सांगायला ती असेल ना, याची भीती वाटते. म्हणून हे पत्र मी तिच्या खात्यात ठेवतेय. तिथे कागदपत्र जोडा अशी जागा आहे. भाची पानांचे फोटो काढून जोडणार आहे, फाइल फार मोठी आहे असं कॉम्प्युटर म्हणतोय, तर ती लहान करतेय. कुणा कारकुनानं वाचलं तर वाचू दे. सोमवारी सहा वाजता तुला वर लाल अक्षरांत नवीन कागदपत्र दिसेल आणि तू दचकशील, कदाचित पुन्हा कधी येणारच नाहीस, ते पण मला कळतं. तरी ठेवतेय, कारण मदतकेंद्राच्या त्या बाईंना मी परत फोन केला होता. विचारलं, माणूस गेला तर ती स्थितीची ओळ किती दिवसांनी बदलते? म्हणाल्या, सहा ते आठ आठवडे लागतात. ऐकलंस? आईला काही झालं तरी तू आठ सोमवार येशील, हयात वाचशील आणि निश्चिंत होऊन कामाला जाशील. ती ओळ एकदा आपल्याशी खोटं बोललीये. तिच्यावर विसंबू नकोस. बुधवारी संध्याकाळपर्यंत ये, आणि आई आहे का ते तिच्याकडे बघून ठरव. डाव्या बाजूनं ये म्हणजे तिला दिसशील.

तुझीच,
चष्मा लावून लिहिणारी
ताई